रायपुरात चूल मांडताना

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग नोकरदार कुटुंबाच्या आयुष्यात एकदा तरी येतोच. पुष्कळांच्या बाबतीत तर तो दर तीन-चार वर्षांनी ठरलेलाच असतो. सामानाच्या मोटारीत पलंग, कपाटे, पुस्तकांच्या पेट्या असे सारे काही चढते. पण नव्या गावी उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी आठवण होते ती स्वयंपाकघराची. पलंग चार दिवस जोडला नाही तर सतरंजीवर झोपता येते, पुस्तके महिनाभर पेटीत राहिली तरी चालते. चहाचे आधण मात्र त्याच दिवशी ठेवावे लागते. 'संसार मांडला' या अर्थी मराठीत आपण 'चूल मांडली' म्हणतो, ते उगीच नव्हे.

घर स्वतःचे असेल तर चूल मांडणे हा केवळ हौसेचा आणि ऐपतीचा प्रश्न असतो. घर भाड्याचे आणि मुलूख परका असेल तर मात्र त्यात पुष्कळ विचार करावा लागतो. दुसऱ्याच्या भिंतीत किती पैसे घालावेत? आपल्याकडचे काय न्यावे, तिथले काय घ्यावे? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास रायपूर हे गाव मोठे सोयीचे आहे. कारण मराठी माणसाला ते परकेही आहे आणि ओळखीचेही.

ओळखीचा परमुलूख

नागपुराहून हावड्याच्या लोहमार्गाने पूर्वेकडे निघाले की गोंदियानंतर सालेकसा-दरेकसाचे जंगल लागते, मग डोंगरगडची बमलेश्वरीची टेकडी दिसते आणि राजनांदगाव, दुर्ग, भिलाई ही स्थानके मागे टाकीत सुमारे तीनशे किलोमीटरांवर रायपूर येते. वाटेत कापूस आणि संत्री केव्हाच मागे पडलेली असतात. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर भाताची खाचरे पसरलेली असतात. खिडकीतून दिसणारा हा बदल म्हणजे पुढे स्वयंपाकघरात होणाऱ्या बदलाची पहिली सूचनाच होय.

या वाटेने मराठी माणसे फार पूर्वीपासून येत आली आहेत. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर जाताना छत्तीसगडात शिरले आणि रतनपूरच्या हैहयवंशी राजाने त्यांच्यापुढे हार मानली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपूर येथे राहून हा मुलूख सांभाळला. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपूरला आणले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. तेव्हापासून १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चालत असे. त्यामुळे कारकून, वकील, शिक्षक, रेल्वेतील नोकर अशी कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली आणि स्थिरावली.

त्यांपैकी काहींनी या भूमीवर कायमची नाममुद्रा उमटविली आहे. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले, लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद केला आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. त्या मासिकाचे प्रकाशक वामनराव लाखे यांनी इथल्या सहकारी चळवळीला हातभार लावला. त्यांचे नाव आज लाखेनगर या वस्तीला आहे. तात्यापारा हे नाव ऐकताच मराठी कान टवकारतात, आणि चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. काल ज्याची बदली एकाच प्रांतातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी होत होती, त्याच्यासाठी रायपूर एका दिवसात परराज्य झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. आता इथे बँका, रुग्णालये, पोलाद व सिमेंटचे कारखाने, शिक्षणसंस्था यांच्या निमित्ताने पुणे-नाशिक-सोलापूरकडूनही कुटुंबे येतात. त्यांना ही जुनी ओळख ठाऊक नसते. त्यांच्यापुढे असते ती भाड्याच्या घरातील एक रिकामी खोली, एक ओटा आणि एक नळ.

घर दुसऱ्याचे, स्वयंपाकघर आपले

भाड्याच्या घराबरोबर स्वयंपाकघर किती मिळावे, याची रीत देशोदेशी वेगळी आहे. जर्मनीत गेलेल्या मराठी कुटुंबांना पहिला धक्का बसतो तो याच बाबतीत. तिथे भाड्याने मिळणाऱ्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघराच्या जागी चार भिंती, पाण्याच्या नळीचे तोंड आणि विजेची जोडणी एवढेच असते. ओटा, मोरी, कपाटे, विजेची शेगडी हे सारे भाडेकरूने विकत घ्यावयाचे, बसवून घ्यावयाचे आणि घर सोडताना उचलून न्यावयाचे, अथवा पुढच्या भाडेकरूला ठरल्या किमतीस द्यावयाचे. गंमत अशी की, भाड्याच्या घरांत तयार स्वयंपाकघर बसवून देण्याचा मोठा प्रयोगही त्याच देशात झाला. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्थापत्यविशारद बाईंनी फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे दोन मीटर रुंद व साडेतीन मीटर लांब असे आटोपशीर स्वयंपाकघर आखले. आगगाडीतील भोजनाच्या डब्यात थोड्या जागेत किती काम होते, हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे बसविण्यात आली. गृहिणीची पावले वाचली की तिचे आयुष्य वाचते, हा त्यामागचा विचार होता.

आपल्याकडे रीत मधली आहे. रायपुरात भाड्याच्या सदनिकेत दगडी ओटा, मोरी, नळ आणि भिंतीतील एक-दोन फळ्या घरमालकाच्या. बाकी सारे भाडेकरूचे. नव्या इमारतींत ओट्याखाली खणही केलेले आढळतात. ही मधली रीत सोयीची खरी, पण तीतूनच दोन प्रकारची ओढाताण उद्भवते.

काही कुटुंबे असे धरून चालतात की, आपण इथे पाहुणे. दोन-तीन वर्षे कशीबशी काढावयाची. मग डबे खोक्यांतच राहतात, भांडी ओट्यावर एकावर एक रचली जातात, दिवा अंधूक असतो तो तसाच राहतो. दोन वर्षांची पाच होतात आणि घरातील स्वयंपाक करणारे माणूस ती पाच वर्षे रोज कित्येक तास त्या अडचणीत उभे राहते. दुसरी कुटुंबे उलट टोकाला जातात. पुण्याच्या घरी जसे होते तसेच इथे हवे, या हट्टाने ती भिंतीला जोडलेली कपाटे करून घेतात, ओट्याचा दगड बदलतात. आणि बदलीचा हुकूम आला की तो सारा खर्च दुसऱ्याच्या भिंतीत सोडून निघतात. साठविलेल्या पैशाची ही हानी पुढच्या गावी पुन्हा व्हावयाची असतेच.

या दोहोंमधून वाट काढण्यास एक साधा नियम उपयोगी पडतो : जे भिंतीला चिकटते ते घरमालकाचे, जे उचलून नेता येते ते आपले, खर्च आपल्यावर करावा, दुसऱ्याच्यावर करू नये. आपल्या जुन्या घरांतील भांड्यांची मांडणी, फडताळाऐवजी ठेवलेले जाळीचे कपाट, दुधासाठी टांगलेले शिंके या साऱ्या वस्तू याच नियमाने बनलेल्या होत्या. आज पोलादी घोडा, चाकांची उतरंड, झाकणांचे डबे आणि ओट्याजवळ लावलेला एक लखलखीत दिवा एवढ्यावर रिकाम्या खोलीचे उत्तम स्वयंपाकघर होऊ शकते, आणि निघताना त्यातील खिळाही मागे राहत नाही.

ओटा, शेगडी आणि खिडकी

ओट्याची उंची बदलता येत नाही, पण तिचा त्रास टाळता येतो. काम करताना हाताचे कोपर ओट्यापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर वर असावे, म्हणजे खांदे व पाठ दुखत नाहीत. ओटा उंच असेल तर उभे राहण्यास रुंद, न डगमगणारा लाकडी पाट घ्यावा. ठेंगणा असेल तर कणीक मळण्या-लाटण्यापुरती जाड फळी वर ठेवावी. घरात उंचीने निरनिराळी दोन माणसे स्वयंपाक करीत असतील, आणि हल्ली पुष्कळ घरांत पतिपत्नी दोघेही करतात, तर ही फळी फार उपयोगी पडते.

स्वयंपाकाच्या गॅसची तजवीज निघण्यापूर्वीच करावी. दुसऱ्या शहरी जाताना टाकी आणि तिचे नियंत्रक जुन्या वितरकाकडे जमा करावे, अनामत परत घ्यावी आणि त्याने दिलेली पावती जपून आणावी. ती दाखविली की रायपूरच्या वितरकाकडे चालू दराने अनामत भरून नवी टाकी मिळते. शेगडी मात्र आपली आपण आणावयाची. १९६५ साली कोलकात्यात 'इंडेन'ची पहिली जोडणी दिली गेली, तेव्हा ही सोय थोड्या शहरवासीयांपुरती होती. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर ती खेड्यांतील झोपडीपर्यंत पोहोचली आहे. तरीही तिचे शास्त्र ठाऊक नसणारी घरे अजून आढळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून टाकी उभीच ठेवावी, शेगडी तिच्यापेक्षा उंचावर असावी, नळी दीड मीटरहून लांब नसावी आणि दर पाच वर्षांनी ती बदलावी.

रायपुरात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर चढतो. नवतपाचे नऊ दिवस तर वाऱ्याची झुळूकही भाजून काढते. अशा वेळी उन्हाची तिरीप नको म्हणून स्वयंपाकघराची खिडकी दिवसभर बंद ठेवण्याकडे कल असतो. तसे करू नये. पडदा ओला करून सोडावा, पण हवेला खाली-वर दोन्हीकडे वाट ठेवावी. स्वयंपाक सकाळी लवकर उरकण्याची इथली जुनी रीत याच उन्हातून आलेली आहे. विजेची शेगडी वापरावयाची असेल तर ती दोन हजार वॅटपर्यंत वीज ओढते, हे ध्यानात ठेवून सोळा अँपिअरची जोडणी असल्याची खात्री करून घ्यावी. लहान खुंटीला ती लावू नये.

पावसाळ्याचा धडा वेगळा. वर्षाकाठी इथे बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळ्यांची कपाटे या ओलीत फुगतात. स्वस्त म्हणून घेतलेले असे कपाट दोन पावसाळे काढीत नाही. पोलादी घोडा वीस वर्षे सोबत करतो.

पाण्याची परीक्षा

नव्या गावचे पाणी मानवते की नाही, याची चर्चा आपण करतो ती प्रकृतीच्या संदर्भात. पण ते डाळीला मानवते की नाही हेही पाहावे लागते. रायपूरच्या नळाला प्रामुख्याने खारून नदीचे पाणी येते. ही नदी शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते. धमतरीजवळच्या गंगरेल धरणाच्या पाण्याचाही शहराला आधार आहे. परंतु अनेक वसाहतींत कूपनलिकेचे पाणी वापरावे लागते, आणि तिथे खरा फरक जाणवतो. या शहराखाली चुनखडीच्या खडकाचे जाड थर आहेत. याच चुनखडीवर आसपासचे सिमेंटचे कारखाने चालतात. त्या थरातून उपसलेले पाणी साहजिकच जड असते. अशा पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, चहावर तवंग येतो, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या तळाशी पांढरी पुटे धरतात.

यावर उपाय अवघड नाहीत. नळाचे पाणी येत असेल तेव्हा डाळ-तांदळापुरते भरून ठेवावे, डाळ तासभर भिजवावी आणि भांड्यातील पुटे चिंचेच्या कोळाने अथवा लिंबाने काढावीत. पाणी शुद्ध करणारे महागडे यंत्र घेण्यापूर्वी पाण्याची तपासणी अवश्य करून घ्यावी. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले आहे. पाणी त्या मर्यादेत असेल तर क्षार काढणाऱ्या यंत्राची गरज नसते. ते यंत्र जितके पाणी शुद्ध करते त्याहून पुष्कळ अधिक पाणी वाया घालविते. जंतुनाशक गाळणीने काम भागत असेल तर तीच बरी.

गोलबाजारात एक फेरी

एवढी व्यवस्था झाली की पाय आपोआप बाजाराकडे वळतात. जयस्तंभ चौकातून मालवीय मार्गाने निघाले की जवळच गोलबाजार आहे. राजधानीच्या नव्या भागांत काचेच्या भव्य दुकानांना तोटा नाही. पण पूजेच्या उपकरणांपासून लोखंडी कढईपर्यंत संसाराला लागणारी प्रत्येक चीज एका फेरीत पाहावयाची असेल तर या जुन्या बाजारालाच यावे. अरुंद गल्ल्या, डोक्यावर टांगलेल्या परड्या, पितळ-पोलादाचा खणखणाट. पुण्याच्या तुळशीबागेची अथवा नागपूरच्या इतवारीची आठवण व्हावी असे हे दृश्य आहे.

मराठी गृहिणीला इथे सर्वांत अधिक आनंद देतात ते शब्द. सुपाला इथे सूपा म्हणतात, शेगडीला सिगडी, जात्याला जांता. पाटा-वरवंटा म्हणजे इथला सिल-लोढा. भाजी चिरण्यासाठी जमिनीवर ठेवून वापरावयाची पहसुल पाहिली की ती आपल्या विळीची बहीणच वाटते. फक्त तिला नारळ खवण्याचे टोक नसते, कारण हा नारळाचा मुलूख नव्हे. धान्य मोजण्याची खंडीही दोन्हीकडची. इथे वीस काठ्यांची एक खंडी होते.

बाजारालगतच्या बांसटाल भागात बांबूचे काम मिळते. सूपा, टोपल्या, आणि पर्रा नावाचे उथळ रुंद ताट घेण्याजोगे असते. कंडरा समाजातील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले आहेत. पर्रा वडी-पापड वाळविण्यास उत्तम. रायपूरच्या उन्हात कुरडया एका दिवसात खडखडीत होतात.

भांड्यांत कांशाची बटकी हा इथला खास दागिना. सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील यांच्या मिश्रणाने हा धातू होतो. चांपा हे गाव कोशाच्या रेशमाइतकेच कांशाच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे. सर्व भांडी कांशाची घ्यावीत असे कोणी सांगणार नाही. पण रायपुरातून निघताना आठवण म्हणून काय न्यावे असा प्रश्न पडलाच, तर एका बटकीने तो सुटतो. कल्हईची पितळी भांडी मात्र बिऱ्हाडासोबत फार आणू नयेत. कल्हईवाला आता सर्वत्रच दुर्मीळ झाला आहे आणि कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवणे घातक असते.

आपल्या गावाहून काय आणावे, याची यादी लहानच आहे : विळी, पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र आणि मिसळणाचा डबा. गोडा मसाला आणि आमसुले यांची वर्षाची बेगमी येताना करावी. याखेरीज सारे इथे मिळते.

भाताच्या देशात

छत्तीसगडला 'धानाचे कोठार' म्हणतात. भाताचे नामांकित संशोधक डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात या भागात हिंडून भाताच्या १७,००० हून अधिक वाणांचे नमुने गोळा केले. तो ठेवा आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात जतन केलेला आहे. सरगुज्याच्या जीराफूल तांदळाला २०१९ मध्ये आणि धमतरी जिल्ह्यातील नगरी दुबराज तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. अशा ठिकाणी येऊन ज्वारीसाठी गावभर वणवण करावी आणि ती जुनी, किडकी मिळाली म्हणून खंत करावी, यात शहाणपण नाही. ज्वारी पाहुणी म्हणून अधूनमधून यावी. घरचे धान्य इथे तांदूळच.

दुकानात अरवा आणि उसना असे दोन शब्द ऐकू येतात. अरवा म्हणजे सुका तांदूळ, उसना म्हणजे कोकण-गोव्याकडील उकडा. नवा तांदूळ चिकट होतो. तो पिठासाठी आणि जुना भातासाठी, हा आपलाच नियम इथेही चालतो. तांदळाच्या पिठाचा चिला म्हणजे आपले धिरडे; उरलेल्या भातात पीठ मळून वाफविलेला फरा मुलांच्या डब्याला चांगला. उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांदा, मीठ व चटणीबरोबर खातात, ती बोरे-बासी. श्रमिकांच्या या न्याहारीला मान मिळावा म्हणून २०२२ साली १ मे रोजी राज्य शासनाने ती सर्वांनी खावी असे आवाहन केले होते. शिळे म्हणून नाक मुरडण्यापूर्वी विदर्भ-कोकणातील जुन्या माणसांना विचारावे. त्यांच्या लहानपणीही भाताची न्याहारी अशीच होती.

शास्त्री बाजारात भाजीवाल्या बायांचा पसरा मांडलेला असतो. छत्तीसगडात छत्तीस भाज्या, अशी इथे म्हण आहे, आणि पावसाळ्यात ती खरी वाटू लागते. चरोटा म्हणजे आपला टाकळा, वऱ्हाडातील तरोटा. अमारी म्हणजे अंबाडी, मुनगा म्हणजे शेवगा, जिमीकांदा म्हणजे सुरण, बोहार म्हणजे भोकर. चेच आणि लाल भाजी मात्र नव्याने शिकावयाच्या. विकणाऱ्या बाईला 'दीदी' अथवा वडीलधारी असल्यास 'दाई' अशी हाक मारून कृती विचारावी. ती भाजीबरोबर फोडणीही सांगते.

पंचांगाचाही एक फरक स्वयंपाकघराला कळावा लागतो. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. त्यामुळे इथला श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. पोळ्याची अमावस्या आपण श्रावणातली म्हणतो, इथे तीच भादव्यातली. सण मात्र एकाच दिवशी येतो. इथे त्याला पोरा म्हणतात. त्या दिवशी मुलग्यांना मातीचे बैल देतात आणि मुलींना मातीची इवलीशी चूल, जांते, भांडीकुंडी. बाजारात या मातीच्या स्वयंपाकघरांच्या राशी लागलेल्या असतात. आपली भातुकलीच ती. तिला सणाचा मान मात्र छत्तीसगडने दिला आहे. हल्लीच्या घरांत ही खेळणी मुलगा-मुलगी दोघांच्याही हाती दिली, तर पुढच्या संसाराला ते हितावहच होईल.

लेखी करार आणि निरोप

व्यवहाराची एक गोष्ट सांगावयाची राहिली. छत्तीसगड भाडे नियंत्रण अधिनियम, २०११ प्रमाणे भाड्याचा करार लेखी असावा लागतो. त्यात खोल्यांची संख्या आणि भाड्याची रक्कम लिहून थांबू नये. स्वयंपाकघरात घरमालकाचे काय आहे, याची यादी करारास जोडावी : ओटा, मोरी, नळ, खण, फळ्या, धूर काढणारा पंखा, आणि त्यांची स्थिती. आपण काय बसविणार आणि निघताना काय काढून नेणार तेही नोंदवावे. भिंतीला किती भोके पाडण्यास मुभा आहे, हे आरंभीच विचारावे. शिजविण्याच्या पदार्थांविषयी घरमालकाच्या काही अटी असल्यास त्याही घर ठरविण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्याव्यात. घर घेताना संकोचाने न बोललेली गोष्ट घर सोडताना वादाला कारण होते आणि अनामतीतून वजा होते.

परंतु या साऱ्या हिशेबात पैशाहून मोठे असे काही गुंतलेले आहे. नव्या मुलखात कचेरीला जाणाऱ्याला कचेरी भेटते, मुलांना शाळा भेटते. जो घरी चूल सांभाळतो त्याला नवा मुलूख भेटतो तो पाणी, धान्य, भाजीवाली, शेजारीण यांच्या रूपाने. स्वयंपाकघर नीट लागले नाही, तर तेच माणूस सर्वांत अधिक एकटे पडते. आणि ते लागले की शेजारणीची वाटी इकडून तिकडे जाऊ लागते. पुरणपोळी गेली की चौसेला येतो, चकली गेली की ठेठरी येते. दोनशे वर्षांपूर्वी इथे आलेली मराठी घराणी टिकली ती नागपूर-पुण्याची आठवण काढीत बसल्यामुळे नव्हे. विळी त्यांनी आपली ठेवली आणि तांदूळ इथला घेतला. भाड्याच्या घरातील दोन-तीन वर्षांच्या बिऱ्हाडालाही याहून वेगळा मंत्र लागत नाही.

पौष पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा असतो. भात घरात आलेला असतो आणि मुले झोळ्या घेऊन दारोदार धान्य मागत फिरतात. त्यात भीक नाही. पिकाचा वाटा सर्वांपर्यंत पोहोचावा म्हणून केलेली ती जुनी योजना आहे. त्या दिवशी मुले घर स्वतःचे की भाड्याचे, इथले की परमुलखातले, असे विचारीत नाहीत. ज्या घरात चूल आहे त्या घरी ती येतात. म्हणून रायपुरात बिऱ्हाड करणाऱ्याने डब्यांच्या यादीत एक डबा अधिक धरावा आणि तो ओंजळ-दोन ओंजळी धान्य भरून दाराजवळ ठेवावा.